मदत हवी आहे: पायलट ट्रेनिंग चालू असताना एन्झायटीच्या गोळ्या सुरू झाल्यात, क्लास वन मेडिकलचं काय होईल?

नमस्कार मंडळी. देश आणि फ्लाइंग स्कूल मुद्दाम लिहीत नाही, ओळख पटायला नको. कमर्शियल लायसन्सचं ट्रेनिंग सुरू आहे. क्लास टू मेडिकल (शिकाऊ वैमानिकाचं तब्येतीचं प्रमाणपत्र) आहे, सोलो (एकट्याने उड्डाण) झालंय, क्लास वन (कमर्शियल लायसन्सला लागणारं वरचं मेडिकल) तोंडावर आलंय.

मध्यंतरी घरात एक मृत्यू झाला आणि माझी झोपच उडाली. होईल ठीक म्हणून रेटत राहिलो. मग एकदा रनअपला (उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला) चेकलिस्टची एकच ओळ परत परत वाचत बसलो. मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारा भाग) चेक केला की नाही तेच आठवेना, म्हणून पुन्हा केला. शेजारी इन्स्ट्रक्टर होते, त्यांना वाटलं पोरगा फारच काळजीपूर्वक करतोय. त्याच संध्याकाळी मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली. निदान एन्झायटी आणि सौम्य डिप्रेशन. एस्सिटालोप्राम (एन्झायटी-डिप्रेशनवरची गोळी) सुरू केलंय, सोबत समुपदेशन. कोणी विचारायच्या आत सांगतो, जिवाचं बरंवाईट करावं असं काहीही मनात नाही.

बॅचमधले म्हणतात, गोळ्या बंद कर, फॉर्मवर काही लिहू नकोस, कोणाला कळतंय! ट्रेनिंगसाठी कर्ज काढलंय, त्यामुळे हा सल्ला डोक्यातून जातही नाही. सगळं संपलंय का? आणि आत्ता, या आठवड्यात, नेमकं काय करायला हवं?

प्रतिसाद: उलटा वारा

संपलेलं नाही. मी पायलट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

मेडिकलचे नियम प्रत्येक देशाचे वेगळे असले तरी पाया आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अ‍ॅनेक्स १ चा आहे. डिप्रेशनवर औषध घेणाऱ्याला अनफिट धरावं असं त्यात आहे, पण लगेच अपवादही आहे: केसचे सगळे तपशील बघून मेडिकल असेसरला (नियामक संस्थेच्या डॉक्टरला) वाटलं की विमान सुरक्षितपणे चालवण्यात याची आडकाठी होणार नाही, तर फिट देता येतं. तुम्हाला त्या अपवादात बसायचंय. अमेरिकेत २०१० पर्यंत गोळ्या चालू असताना मेडिकल मिळतच नव्हतं. त्या वर्षी तिथल्या विमान नियामक संस्थेने, एफएएने, चार औषधांना दार उघडलं: फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम आणि तुमचं एस्सिटालोप्राम. नंतर यादी वाढली. पण यादीतलं औषध आहे म्हणजे आज गोळी आणि उद्या उड्डाण असं नाही. एकाच औषधावर, एकाच डोसवर काही महिने स्थिर राहिल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे बहुधा टेम्पररी अनफिट, आणि काही काळाने पुन्हा तपासणी. बॅच पुढे निघून जाईल, ते झोंबेल. पण टेम्पररी आणि पर्मनंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि बॅचमेटच्या नादी लागून गोळी एकदम सोडू नका. चक्कर, चिडचिड, झोपेचे वांधे होतातच, वर आजार उलटला तर फाइलमध्ये 'पुन्हा उद्भवला' अशी नोंद पडते. असेसर सगळ्यात जास्त तीच बघतो.

प्रतिसाद: ओपीडी

मी मानसोपचार विभागात काम करते. एक विचारायचं राहिलं: झोपेसाठी किंवा घाबरल्यावर घ्यायला वेगळी गोळी दिली आहे का? क्लोनाझेपामसारखी औषधं अशा वेळी सर्रास लिहिली जातात. त्यांनी गुंगी येते, प्रतिक्रिया मंदावतात, त्यामुळे विमानाच्या बाबतीत ती एस्सिटालोप्रामपेक्षा फार मोठी अडचण. तुमच्या डॉक्टरांना पायलट ट्रेनिंगबद्दल सांगितलंय ना? नसेल तर पुढच्या भेटीत आधी तेच सांगा.

निदान सौम्य करून लिहा असं मात्र सांगू नका. उलट तपशीलवार लिहून मागा: लक्षणं कधी सुरू झाली, कशामुळे, किती तीव्र, आत्महत्येचे विचार नव्हते, उपचारांना प्रतिसाद कसा आहे. नातलग गेल्यानंतरची एकच सौम्य घटना आणि वारंवार येणारं तीव्र डिप्रेशन किंवा बायपोलर यांचा निकाल अगदी वेगळा लागतो. नुसतं 'एन्झायटी, औषध चालू' एवढ्या चिठ्ठीवर असेसर वाईटच धरून चालणार. प्रत्येक भेटीची नोंद आजपासून एका फाइलीत ठेवा.

प्रतिसाद: जुना लॉगबुकवाला

लपवण्याबद्दल. अमेरिकेच्या फॉर्ममध्ये मानसिक आजाराबद्दल 'आयुष्यात कधीही' असं विचारतात, आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद. इतरत्रही खोटी माहिती दिल्याचं उघड झालं तर लायसन्स जाऊ शकतं. म्हणजे ज्या आजारावर मेडिकल मिळू शकलं असतं, त्याच आजारापायी करिअर जाणार.

बॅचमेट तसं का सांगतात तेही समजतं. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या को-पायलटने विमान मुद्दाम डोंगरावर आदळवलं, १५० जण गेले. त्या को-पायलटने ट्रेनिंगमध्ये डिप्रेशनमुळे खंड घेतला होता आणि नंतर मेडिकल मिळवून परतही आला होता. पुढे पुन्हा आजारी पडल्यावर मात्र डॉक्टरांनी रजेची चिठ्ठी देऊनही कंपनीला कळवलं नाही. फ्रान्सच्या अपघात तपास संस्थेच्या, बीईएच्या, अहवालात उड्डाणाचा हक्क आणि पगार जाण्याच्या भीतीचा उल्लेख आहे. युरोपात २०२१ पासून विमान कंपन्यांना वैमानिकांसाठी सपोर्ट प्रोग्रॅम सक्तीचा झाला तो यातूनच. शिकाऊ पोरांपर्यंत तो किती पोचतो, यावर न बोललेलंच बरं.

प्रतिसाद: उलटा वारा

@जुना लॉगबुकवाला, मुद्दा बरोबर, पण झोप उडालेल्या माणसाला हे उदाहरण आत्ताच द्यायला हवं होतं का?

प्रतिसाद: धागाकर्ता

नाही, उपयोग झाला. ओपीडी ताई, दुसरी गोळी नाही, पण ट्रेनिंगबद्दल मी 'शिकतोय' एवढंच बोललो होतो, आता नीट सांगतो. क्लास टू अजून वैध आहे, मग तोवर ड्युअल (इन्स्ट्रक्टरसोबतची) उड्डाणं चालतील का? आणि इन्स्ट्रक्टरना काय सांगू?

प्रतिसाद: उलटा वारा

सर्टिफिकेटवरची तारीख बघू नका. तब्येत कमी झाल्याचं माहीत असताना लायसन्स वापरायचं नाही हेही आयकाओच्याच नियमात आहे. तेव्हा सोलो आजपासून बंद. ड्युअलचंही मेडिकल एक्झामिनरना (वैमानिकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय नको. त्यांच्याकडे तपासणीची तारीख घ्यायच्या आधी नुसता सल्ल्यासाठी वेळ मागा. एकदा फॉर्म भरला की केस अधिकृत होते, म्हणून कुठले कागद लागतील ते आधीच कळलेलं बरं.

इन्स्ट्रक्टरना 'मेडिकल कारणाने उड्डाण थांबवतोय, ग्राउंड क्लास चालू ठेवतो' एवढं पुरे. निदान सांगायची गरज नाही. थिअरीचे राहिलेले पेपर या काळात उरकून घ्या, त्यांना हवामान लागत नाही.