रोमकरांस पत्राचा नववा अध्याय कुठून वाचायचा?

मूळ लेख

तारण कोणाचं व्हायचं हे देव आधीच निवडतो का, हा विषय निघाला की कोणीतरी बायबलमधल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा नववा अध्याय उघडतो आणि थेट १३व्या वचनावर बोट ठेवतो: याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला. ही जुळी मुलं जन्मलीही नव्हती, बरं-वाईट काही केलेलं नव्हतं, आणि निवड होऊन गेली. चर्चा तिथेच मिटते.

मी म्हणतो, पहिल्या वचनापासून वाचा. पौल आधी आपलं दुःख सांगतो. अंतःकरणात अखंड वेदना आहे, भाऊबंद वाचणार असतील तर मी स्वतः शापित होऊन ख्रिस्तापासून तुटायलाही तयार झालो असतो, असं तो म्हणतो. पुढचा सगळा युक्तिवाद या माणसाचा आहे, आणि तो संपतो ११:३२ला: देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करावी म्हणून.

मी निवड मानतो. पण शास्त्रात एकाला निवडलं जातं ते इतरांसाठी. अब्राहामाला बोलावणं आलं तेव्हाच सांगितलं गेलं की तुझ्याद्वारे पृथ्वीवरची सर्व कुळं आशीर्वादित होतील. एसावाबद्दलचं ते वाक्य मुळात मलाखी संदेष्ट्याचं, आणि तिथे बोलणं इस्राएल (याकोबाचे वंशज) आणि अदोम (एसावाचे वंशज) या राष्ट्रांबद्दल चाललंय. एसाव या माणसाचं काय झालं? तो धावत आला, भावाच्या गळ्यात पडून रडला, आणि निवडलेला याकोब त्याला म्हणाला, तुझं मुख पाहणं म्हणजे देवाचं मुख पाहण्यासारखं आहे. निवडीवर बोलताना हा प्रसंग कोणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

प्रतिसाद १

पौलाच्या अश्रूंबद्दल तुमचं शंभर टक्के पटलं. राष्ट्रांचा मुद्दा मात्र टिकत नाही. पौलाचा प्रश्नच असा आहे की इस्राएलात जन्मलेले सगळे खरे इस्राएल का नाहीत (९:६). राष्ट्र एकच, मग काहींनी विश्वास ठेवला आणि काहींनी नाही, हे कसं? इथे माणसांबद्दलच बोलावं लागतं.

शिवाय १९वं वचन बघा. कोणीतरी विचारतो, मग देव दोष का लावतो, त्याच्या इच्छेला कोण अडवतो? तुमचा अर्थ बरोबर असता तर हा प्रश्न विचारायचं कोणाला सुचलंच नसतं. ‘एकाला सेवेसाठी निवडलं’ एवढंच ऐकून अन्याय झाला असं कोण म्हणेल? कोण विश्वास ठेवणार हे देवच ठरवतो, या माझ्या अर्थावरच हा आक्षेप येतो, आणि पौल तो अर्थ मागे घेत नाही.

प्रतिसाद २

मागे घेत नाही, पण कुंभाराचा दाखला देतो: घडवलेली वस्तू घडवणाऱ्याला जाब विचारेल का? तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या १८व्या अध्यायाशी लावून वाचा. तिथे भांडं कुंभाराच्या हातात बिघडतं आणि तो त्याच मातीचं दुसरं घडवतो. लगेच देव सांगतो, ज्या राष्ट्राचा नाश मी ठरवला ते वळलं तर मीही माझा बेत बदलेन.

सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे, हे १ तीमथ्य २:४ स्पष्ट सांगतं. यरुशलेमेकडे पाहून येशू म्हणतो, तुझी मुलं जवळ घ्यावीत असं मला किती वेळा वाटलं, पण तुमची इच्छा नव्हती. या ‘नव्हती’ला काही वजन आहे की नाही?

एक गैरसमजही काढून टाकू. माणूस देवाची कृपा नाकारू शकतो असं मानणाऱ्या आम्हाला सरसकट पेलागियसच्या, म्हणजे कृपेशिवायही माणूस चांगलं निवडू शकतो असं शिकवणाऱ्याच्या, रांगेत बसवलं जातं. आमच्या मताचा डच धर्मशास्त्रज्ञ अर्मिनियस याच्या अनुयायांनी १६१० साली जी पाच कलमं मांडली, त्यात कृपेशिवाय माणूस विश्वास ठेवू शकत नाही हे मान्यच होतं. वाद होता तो कृपा नाकारता येते का, यावर. १६१८-१९ला नेदरलँड्समधल्या डॉर्ट इथे भरलेल्या चर्चच्या सभेत त्यांच्याविरुद्ध निकाल लागला, पण म्हणून त्यांनी न म्हटलेलं त्यांच्या तोंडी घालू नये.

प्रतिसाद १

मान्य, ते पेलागियसवादी नव्हते. कुंभाराबद्दल मात्र ‘तू मला असं का घडवलंस’ हे पौलाचे शब्द यशया संदेष्ट्याच्या २९व्या अध्यायाच्या जवळचे आहेत, आणि तिथे बेत बदलण्याची गोष्ट नाही.

मला एक सांगा. विश्वास न ठेवणाऱ्या भावासाठी तुम्ही गुडघे टेकता तेव्हा काय मागता? ‘प्रभू, त्याचं मन वळव’ असंच ना? त्याच्या इच्छेला देव हात लावत नसेल तर ही प्रार्थना कशासाठी? निवड मानली की सुवार्ता थंडावते म्हणतात. करिंथमध्ये प्रभूने पौलाला उलट सांगितलं: बोलत राहा, या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. त्या शब्दावर पौल तिथे दीड वर्ष राहिला.

प्रतिसाद ३

तुमच्या वादात मला पडायचं नाही. तरुणपणी तीन वर्षं मला एकाच प्रश्नाने झोप लागू दिली नाही: मी निवडलेल्यांत आहे का? कोणी सांगे, स्वतःत विश्वासाची फळं शोध. शोधली की फक्त पाप दिसायचं. शेवटी आधार मिळाला तो निवडीचा सिद्धांत ठामपणे मांडणाऱ्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्याच एका वाक्यातून: आपली निवड पाहायचा आरसा ख्रिस्त आहे. इफिसकरांस पत्रातही ‘त्याच्या ठायी’ निवडलं असंच आहे. तेव्हापासून मी स्वतःकडे बघत बसणं सोडलं.

मूळ लेखक

प्रतिसाद १, १९व्या वचनावरचा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. मी लिहिलं त्यापेक्षा पौल कठोर आहे. कॅल्व्हिनने स्वतः या निर्णयाला भयंकर म्हटलं होतं, आणि त्याच्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या मुख्य ग्रंथाच्या १५५९च्या शेवटच्या आवृत्तीत निवडीची प्रकरणं प्रार्थनेच्या प्रकरणाला लागून ठेवली होती. तो क्रम मला पटतो.

प्रार्थनेच्या प्रश्नाचं उत्तर देतो. माझे वडील विश्वास न ठेवता गेले. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसून ‘यांचं मन वळव’ हेच मागत होतो, म्हणजे तुमच्याच सिद्धांतावर टेकून. पण ते मागताना एकदाही मला असं वाटलं नाही की देवाला ते माझ्यापेक्षा कमी हवे आहेत. प्रतिसाद २, तुमचं तीमथ्याचं वचन त्या वेळी माझ्या हातात होतं.

प्रतिसाद १

दहाव्या अध्यायाचं पहिलं वचन राहिलं. नववा अध्याय लिहून झाल्यावर पौल लगेच म्हणतो, त्यांचं तारण व्हावं हीच माझी देवाजवळ विनवणी आहे. तुमच्या वडिलांबद्दल माझ्याकडे याहून जास्त काही नाही.