खानावळीच्या गाळ्यातले मेक्सिकन उपाहारगृह

कातळ (चर्चाप्रस्ताव)

रत्नागिरीत आमच्या घराजवळच्या बाजारपेठेत, पूर्वी जिथे एक घरगुती खानावळ होती त्याच गाळ्यात, गेल्या वर्षी मेक्सिकन पदार्थांचे एक साधे उपाहारगृह सुरू झाले. आता संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळत नाही. मालकीणबाई कष्टाळू आहेत आणि स्वच्छताही उत्तम आहे, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जिथे तांदळाची भाकरी, बांगड्याचे तिखले आणि वाटीभर सोलकढी असे पोटभर जेवण मिळत होते, तिथे आता तेवढ्याच पैशांत चीज ओतलेल्या मक्याच्या तुकड्यांची एक बशी मिळते, आणि त्या बशीतले जवळजवळ सगळे पाकिटांतून आलेले असते. मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीतली एक तुकडीही त्या स्वयंपाकघरात जात नाही. आपल्या खाण्याची जागा दुसऱ्याच्या खाण्याने घ्यावी, हे मला पटत नाही.

सुरंगी

खानावळ या उपाहारगृहामुळे बंद पडली नाही. मी त्याच आळीत राहते. खानावळ चालवणाऱ्या काकूंना गुडघेदुखीमुळे उभे राहवेना, मुले पुण्याला स्थायिक झाली आणि गाळा कित्येक महिने कुलूपबंद राहिला. त्या काळात तो चालवायला आपल्यापैकी कोणी पुढे आले नाही.

‘दुसऱ्याचे खाणे’ या शब्दांवरही माझा आक्षेप आहे. आपण ज्या तिखल्याची आठवण काढता, त्यातली मिरची मुळात मेक्सिकोची असून ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यापूर्वी आपल्याकडचा तिखटपणा मिऱ्याचा होता, आणि मिरचीला नावही आपण मिऱ्यावरूनच दिले. टोमॅटो तिकडचाच. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ झाडही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आहे.

कातळ

खानावळीबद्दलची माहिती मला नव्हती. ती चूक मी मान्य करतो. मिरचीचे उदाहरण मात्र माझेच म्हणणे पुढे नेते. मिरची आपण आपल्या परसात लावली, उन्हात वाळवली, ओल्या खोबऱ्याबरोबर पाट्यावर वाटली, तेव्हा ती आपली झाली. पाकीट कापून बशीत ओतलेली वस्तू किती वर्षे राहिली तरी रुजणार कशी?

खाडीकाठ

आपण दोघेही त्या बशीला मेक्सिकोचे जेवण समजून वाद घालत आहात. त्या बशीतला नाचोज हा पदार्थ १९४०च्या दशकात अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात, पलीकडून आलेल्या पाहुण्यांसाठी, हाताशी होते त्यातून घाईने तयार झाला. तिथल्या घरचे खाणे निराळे आहे. मक्याचे दाणे चुना घातलेल्या पाण्यात शिजवून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून साले काढतात आणि मग दगडी पाट्यावर वाटून त्या ओल्या पिठाची तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, थापतात. चुन्यामुळे मक्यातले ब-३ जीवनसत्त्व शरीराला घेता येते. युरोपने मका नेला, पण ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या तिथल्या गोरगरिबांना या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा पेलाग्रा हा रोग जडला. ज्या घरात भाकरीच्या पिठाला उकड काढतात, त्या घराला हे कष्ट परके वाटू नयेत.

त्यांच्याही किनाऱ्यावर मासळी आहेच. एन्सेनादा या बंदराच्या गावी पिठात बुडवून तळलेला मासा, बारीक चिरलेला कोबी आणि वर पिळलेले लिंबू घालून टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, खातात. मग आपल्या बाजारपेठेतल्या टाकोत मासळी का नसावी, हा कातळ यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

सुरंगी

हाच प्रश्न मी मालकीणबाईंना विचारला होता. त्यांनी दोन रविवार सुरमईचे टाको केले आणि ते दुपारीच संपले. परंतु त्याच कढईत तळलेले चालणार नाही, असे शाकाहारी गिऱ्हाइकांनी सांगितले, आणि त्यांचेही बरोबरच आहे. दुसरी शेगडी मांडायला त्या गाळ्यात हातभर जागा नाही. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी आणायची कोठून? राजम्याऐवजी त्या आता चवळी शिजवून, रवीने घोटून, लसूण-मिरचीवर परततात. मी ती खाल्ली आहे आणि राजम्यापेक्षा मला ती अधिक आवडली.

कातळ

चवळीचे मला ठाऊक नव्हते. येत्या रविवारी मी ती खाऊन येईन. चीजच्या बशीवरचा माझा आक्षेप कायम आहे. तोर्तिया अजूनही पाकिटातूनच येतात ना? आमच्या आळीत भाकरी थापून देणाऱ्या दोन बायका आहेत. त्यांना हे पीठ थापता येईल का, हे मी मालकीणबाईंनाच विचारणार आहे.