बाबांचं जुनं खेळण्यातल्या रेल्वेचं एचओ इंजिन तापून थांबतंय, गणपतीच्या आत चालू होईल का?

मृ_कोथरूड:
नमस्कार मंडळी. मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, मला यातलं शून्य कळतं, सांभाळून घ्या. बाबांकडे एक जर्मन डिझेल इंजिन आहे, जर्मन रेल्वेच्या २१८ इंजिनाचं लाल रंगाचं मॉडेल, एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या १:८७ आकाराचं, आत्याचे मिस्टर स्टुटगार्टला होते त्यांनी १९८६ मध्ये आणलेलं. आमच्याकडे दर वर्षी गणपतीच्या आराशीत ते फिरायचं, मखराला गोल चक्कर मारून मागच्या बोगद्यातून बाहेर, पूर्वी तो बोगदा थर्माकोलचा असायचा, बंदी आल्यापासून पुठ्ठ्याचा. मधली सहा वर्षं डबा माळ्यावरच राहिला कारण आई आजारी होती आणि कोणाला मूडच नव्हता. यंदा बाबांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत म्हणून गुपचूप काढलं तर पहिल्या दिवशी काहीच नाही, नुसता दिवा लागला. बोटाने ढकललं तर चाललं. दुसऱ्या दिवशी जरा बरं चाललं आणि आता तिसऱ्या दिवसापासून असं होतंय की तीन चार मिनिटं चालतं, मग हळू हळू होत जातं, जळका वास येतो, आणि ट्रान्सफॉर्मर आपोआप बंद पडतो. दहा पंधरा मिनिटांनी परत चालू. ट्रान्सफॉर्मरपण तेव्हाचाच आहे. मोटर आत मधोमध नाहीये, एका बोगीतच (इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यातच) आहे, चपटी गोल, मोठ्या बटणासारखी. बाबांना अजून सांगितलेलं नाही. बारा दिवस हातात आहेत. हे घरी होण्यासारखं आहे की नाद सोडू?

घाटातला_बँकर:
नाद कशाला सोडताय, वर्णनावरून तर इंजिन जिवंत आहे. ज्याची मोटर खरोखर जळालेली असते ते थंड झाल्यावर परत असं शहाण्यासारखं चालत नाही. ट्रान्सफॉर्मर बंद पडतोय म्हणजे त्याचा कटआउट त्याचं काम करतोय, कुठेतरी करंट जास्त ओढला जातोय एवढंच त्याचं म्हणणं. आता तो जास्तीचा करंट मोटर विजेच्या दोषामुळे ओढतेय की गिअर घट्ट झालेत म्हणून ओढतेय हे आधी वेगळं करायचं, त्याच्याआधी काहीही उघडू नका.

पहिली गोष्ट, वायरी ट्रान्सफॉर्मरच्या कुठल्या टर्मिनलला लावल्यात ते बघा. त्या काळच्या ट्रान्सफॉर्मरला टर्मिनलच्या दोन जोड्या असतात, एक रुळासाठी ० ते १२ व्होल्ट डीसी आणि दुसरी सांधे (गाडीचा रूळ बदलणारे) आणि दिव्यांसाठी साधारण १६ व्होल्ट एसी. एसीवर लावलं तर ही मोटर फिरत नाही, जागेवर गुणगुणते आणि तापते. तुमचं चालतंय म्हणजे बहुतेक बरोबरच असणार पण खात्री करा, सहा वर्षांनी माणूस विसरतो.

दुसरी, स्कूटरच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब आणा आणि रुळाला जाणाऱ्या एका वायरीत सिरीजमध्ये टाका. आपले इलेक्ट्रिशियन घरातलं शॉर्ट शोधायला सिरीज लॅम्प लावतात ना, तोच प्रकार. इंजिन नीट असेल तर बल्ब जेमतेम लालसर होईल. लख्ख पेटला तर मोटर शॉर्टसारखी वागतेय किंवा अडकलीय, आणि बल्ब मध्ये असल्यामुळे वायंडिंग (मोटरमधली गुंडाळलेली तार) जळायची भीती नाही. मी हे मल्टिमीटरच्या आधी सांगतो कारण मीटर चुकीच्या जागी लावला की नवखा माणूस फ्यूज उडवतो (मीपण उडवलाय, दोनदा).

आणि खरं सांगा, पहिल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या मध्ये तुम्ही काय केलंत? आपोआप काही बरं होत नसतं.

लोकल_पॅसेंजर:
तुम्ही कोथरूडलाच आहात तर जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन विचारा की. १९९८ पासून तिथे एवढी इंजिनं रोज पळतात, त्यांना असल्या दुखण्यांची सवय असणार.

डिजिटल_डबा:
एवढी खटपट कशाला, मोटर काढून नवी कोरलेस मोटर (आत लोखंडी गाभा नसलेली) टाका, सोबत डीसीसी डिकोडर (गाडी डिजिटल चालवणारी चिप) बसवा, आवाजपण येईल. जुन्या मोटरी करंट खातातच.

घाटातला_बँकर:
@डिजिटल_डबा अहो त्यांना मखराभोवती गाडी फिरवायचीय, भुसावळ यार्ड चालवायचं नाहीये. आणि मूळ दोष न शोधता डिकोडर लावला तर पहिला धूर डिकोडरचाच.

मृ_कोथरूड:
पकडलंत. पहिल्या दिवशी चाललं नाही म्हणून मी खालून शिलाई मशीनचं तेल सोडलं. थोडं नाही, बऱ्यापैकी. मोटरच्या भोकातपण. दुसऱ्या दिवशी चाललं म्हणून मला वाटलं जमलं आपल्याला 😬

टर्मिनल बरोबर आहेत, डीसीवरच. बल्ब गॅरेजवाल्याकडून आणला, त्याने विचारलं कुठली गाडी, मी म्हटलं रेल्वे. इंजिन चालू केल्यावर बल्ब आधी मंद होता, मिनिटभरात वाढत गेला आणि नंतर चांगलाच पेटला, इंजिन रांगायला लागलं. उलट दिशेला पण तसंच. मग बटण बंद करून चाकं हाताने फिरवून बघितली तर जड आहेत पण फिरतायत, अडकलेली नाहीत.

तापकीर_गल्ली_रोज:
तेल. मला वाटलंच होतं.

ताई, झालंय काय ते सांगतो म्हणजे पुढचं करताना भीती वाटणार नाही. मोटरच्या फिरत्या भागावर तांब्याचे तीन तुकडे असतात, त्याला कम्युटेटर म्हणतात, आणि त्याच्यावर दोन कार्बनचे ब्रश टेकलेले असतात. तीन तुकड्यांच्या मध्ये बारीक फटी असतात, त्या फटी मोकळ्या राहणं हाच सगळा खेळ. ब्रश झिजून काळी भुकटी पडत असते, कोरडी असते तोवर बरीचशी उडून जाते. तेल पडलं की तिचं काजळ होतं, दिव्याच्या काजळीत तूप कालवल्यासारखं, आणि ते फटीत जाऊन बसतं. कार्बन वीज वाहून नेतो. म्हणजे जी वीज वायंडिंगमधून जायला हवी ती फटीतूनच पलीकडे जाते, मोटरला जोर नाही आणि करंट मात्र दुप्पट. तापलं की तेल पातळ होऊन अजून पसरतं, म्हणून तुमचा बल्ब मिनिटभराने वाढला.

आता उघडा. एक मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घ्या आणि दोन्ही हात आणि बोगी आत घालून त्यातच उघडा, कारण ब्रशच्या मागे दोन स्प्रिंगा असतात, त्या मिशीच्या केसाएवढ्या जाड आणि एकदा उडाल्या की फ्रीजखाली. कुठला ब्रश कुठल्या भोकातला आणि कसा टेकलेला होता याचा आधी फोटो. ब्रश प्लेट काढली की तीन तुकडे दिसतील. पुसायच्या आधीच मल्टिमीटर ओहमवर ठेवून तिन्ही जोड्या मोजा, एक-दोन, दोन-तीन, तीन-एक, आणि आकडे इथे टाका. तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. एक खूप कमी असेल तर त्या फटीत काजळ किंवा आत वायंडिंग शॉर्ट. एक जोडी बाकीच्या दोघींच्या दुप्पट दाखवत असेल तर त्या तुकड्यांमधली तार तुटलीय, आणि असल्या मोटरला सुरू व्हायला बोटाचा धक्का लागतो. तुम्ही पहिल्या दिवशी ढकलल्याचं लिहिलंय म्हणून ही शंका मनात ठेवलीय.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, पासोड्या विठोबाजवळ इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, आणि कापूस नाही, धागे सुटतात, जुन्या सुती रुमालाचा तुकडा. फटी लाकडी टूथपिकने. सुईने नाही, तांब्याला चरा पडला की ब्रश खातो. नेलपॉलिश रिमूव्हर तर लांबच ठेवा, इंजिनाची बॉडी विरघळेल.

मृ_कोथरूड:
रात्री अकरा वाजता बाबा झोपल्यावर डायनिंग टेबलवर ऑपरेशन केलं. एक स्प्रिंग उडाली, पिशवीतच सापडली, तुमचे उपकार. आकडे असे आहेत, एक-दोन ४, दोन-तीन १०, तीन-एक १०. फटी दिसतच नव्हत्या, सगळं काळं कुळकुळीत. चार टूथपिक आणि अर्धा रुमाल गेला. नंतरचे आकडे १२, १२, १२!! म्हणजे बरोबर ना? आधी दहा दाखवत होतं त्याचं बारा कसं झालं ते मात्र कळलं नाही.

तापकीर_गल्ली_रोज:
एकदम बरोबर, मोटर ठणठणीत आहे, तार तुटल्याची शंकापण मिटली. पहिल्या दिवशीचं ढकलणं म्हणजे नुसतं वाळलेलं ग्रीस होतं. दहाचं बारा अशासाठी की तिन्ही वायंडिंग एकमेकांना त्रिकोणात जोडलेली असतात, तुम्ही एक जोडी मोजता तेव्हा उरलेल्या दोन्हीमधूनपण फिरून वाट असते, त्यामुळे एका फटीतली घाण तिन्ही आकड्यांना थोडी थोडी लागते.

आता मोटर बाहेर आहे तोवरच गिअर करून घ्या. ग्रीस इतक्या वर्षांत डिंकासारखं होतं. आधी अल्कोहोलने ते सगळं काढा, मग प्रत्येक गिअरच्या पिनेवर तेलाचा एक थेंब, थेंब म्हणजे सुईच्या टोकावर राहील एवढा. कम्युटेटरच्या आसपास काहीही नाही. आसांना गुंडाळलेले केस, सतरंजीचे धागे चिमट्याने काढा, हमखास असतात. आणि चाकं. त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत एक बोगी एका रुळावरून वीज उचलते आणि दुसरी बोगी दुसऱ्या, त्यात मोटरच्या बोगीतल्या काही चाकांना पकडीसाठी रबर, म्हणजे वीज उचलायला उरतात मोजून दोन चार चाकं. ती काळी असली की गाडी आचके देणारच.

वीकेंड_गार्ड:
रूळ पॉलिश पेपरने घासा, चकचकीत होतात, आम्ही लहानपणी तेच करायचो.

घाटातला_बँकर:
आणि म्हणूनच दर आठवड्याला घासायला लागायचे. पेपरने बारीक चरे पडतात आणि पुढची घाण त्यातच भरते. खोडरबर किंवा तेच अल्कोहोल लावलेलं फडकं, बास.

मृ_कोथरूड:
चालतंय!!! बल्बवर नुसती लाली, वीस मिनिटं सलग फिरवलं, मोटर कोमट, वास नाही. बाबांना उद्या दाखवणार होते पण आवाज ऐकून ते रात्री स्वतःच उठून आले आणि काही न बोलता खुर्ची ओढून बसले. मग दहा मिनिटांनी म्हणाले, अडखळतंय. आणि खरंच अडखळतंय. एका लयीत, टक, टक, टक, आणि प्रत्येक टकला बारीक झटका. हळू चालवलं की जास्त जाणवतं. मला आधी लक्षातच आलं नव्हतं, त्यांनी लगेच ओळखलं.

वीकेंड_गार्ड:
गिअरला तडा गेलाय, जुन्या प्लास्टिक गिअरचा नेहमीचा रोग, आसावर घट्ट बसवलेले असतात आणि वर्षांनी उकलतात. फेविक्विकने तो चिकटत नाही, म्हणजे चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी सुटतो. नवीन मागवावा लागेल, गणपतीपर्यंत येणं अवघड आहे.

घाटातला_बँकर:
निदान बरोबर असू शकतं पण थांबा. आधी मोजा. रुळाच्या कडेला कागदाची पट्टी ठेवा, इंजिन अगदी हळू चालवा आणि प्रत्येक झटक्याला खूण करा. खऱ्या २१८ चं चाक एक मीटर व्यासाचं, एचओ म्हणजे १:८७, तर तुमचं चाक साधारण साडेअकरा एमएमचं झालं, एका फेरीला ३६ एमएमच्या आसपास. खुणा तेवढ्या अंतरावर आल्या तर दोष चाकाच्या गिअरमध्ये. त्याहून जवळ जवळ आल्या तर मधल्या छोट्या गिअरमध्ये. आणि खुणा नेहमी रुळाच्या त्याच जागी येत असतील तर इंजिन निर्दोष, तुमच्या रुळांचा जोड वर आलाय.

सापडला तर तो गिअर भिंगाखाली बघा. तडा असला तर दोन दातांमधलं एक अंतर बाकीच्यांपेक्षा मोठं दिसेल. तसं नसेल तर कुठल्यातरी दाताच्या खोबणीत काहीतरी बसलंय.

मृ_कोथरूड:
पट्टीवर बाबांनीच खुणा केल्या, ३५, ३६, ३६, ३५. रबरवाल्या चाकाचा गिअर निघाला. बाबांचं भिंग घेऊन बघितलं, तडा नाही. एका खोबणीत वाळलेल्या ग्रीसच्या खाली गुलाबी काहीतरी दगडासारखं. टूथपिकने उचकटलं तर रांगोळीचे दोन कण! आई मखरासमोर रोज गुलाबी रांगोळी काढायची, गाडी तिच्या बाजूनेच जायची. बाबांनी ते कण औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत.

आता अजिबात टक नाही. फक्त चढाला, म्हणजे पाटाच्या कडेवरून चढताना, रबरवाली चाकं जागेवर फिरतात. रबर कडक होऊन चकाकतंय. बोहरी आळीत ओ-रिंग मिळतात त्यातली चालेल का?

तापकीर_गल्ली_रोज:
ओ-रिंग गोल असते, चाकाच्या खोबणीतून वर येईल आणि गाडी वाकडी चालेल, पट्टी चपटी लागते. जुनं रबर काढून उलटं करून घाला, आतली बाजू अजून मऊ असते, एक दोन वर्षं सहज निघतात. काढताना नखाने काढा, टोकदार काही वापरू नका. आणि पाटावरून चढवताच कशाला, पाटाखाली पुठ्ठ्याचा उतार लांबवा, मीटरला दोन अडीच सेंटिमीटरच्या वर चढ नको. खऱ्या घाटातसुद्धा गाडीला मागून बँकर म्हणजे ढकलणारं जादा इंजिन लागतं, हे वरचे साहेब सांगतीलच.

घाटातला_बँकर:
१:३७ चढ आमच्या घाटाचा. म्हणजे मीटरला २.७ सेंटिमीटर, तोही तीन तीन इंजिनं ढकलायला असताना. तुम्ही दोनच धरा. आणि ताई, डबे किती जोडणार आहात?

मृ_कोथरूड:
बाबा म्हणतायत पाच. मी चारवर आणतेय.