हॉलमधला टीव्ही झूमवर कोणी टाकला?

निकम काका (ए-२०१): काल क्लब हाऊसमध्ये सिनेमा चालू असताना टीव्हीची सेटिंग कोणी बदलली ते कृपया कळवावे. मी पाणी प्यायला बाहेर गेलो, परत येतो तो समोरासमोर बोलणाऱ्या दोन माणसांची अर्धी अर्धी तोंडं. खालची सबटायटल्स गायब. आईला ऐकू कमी येतं, ती त्या अक्षरांवरच सिनेमा बघते. मध्येच उठून घरी आली.

आहेर वहिनी (बी-१०३): अरेरे, आजी का गेल्या ते कळलंच नाही 🙏

पगार (सी-१०४): मी केलं झूम. वर-खाली काळ्या पट्ट्या होत्या. ५५ इंची टीव्हीसाठी पूर्ण वर्गणी भरली आहे, पडदा पूर्ण भरलेला दिसला पाहिजे.

निकम काका: वर्गणी सगळ्यांनीच भरली आहे. काहींनी तीन वेळा आठवण केल्यावर.

गायधनी (सी-३०१): आज टँकर येणार आहे का? वरच्या मजल्यावर पाणी नाही.

बोरस्ते (बी-४०२): पगार साहेब, पट्ट्या म्हणजे टीव्हीचा दोष नाही. सिनेमाच तेवढा रुंद आहे. आपला टीव्ही १६:९ चा, म्हणजे उंची १ धरली तर रुंदी १.७८. कालचा सिनेमा २.३९ चा. डावी-उजवी बाजू पूर्ण दाखवायची तर वर-खाली जागा उरणारच. पट्ट्या जाईपर्यंत झूम केलं की दोन्ही कडांचं मिळून जवळजवळ पाव चित्र पडद्याबाहेर जातं.

पगार: पूर्ण वर्गणी भरली आहे, पडदा पूर्ण भरलेला दिसला पाहिजे.

आहेर (बी-१०३): आत्ताच टेप घेऊन हॉलमध्ये जाऊन आलो. अंबडला कंपनीत दिवसभर मोजमापच करतो, राहवलं नाही. पडदा रुंदीला साधारण १२२ सेंमी, उंचीला साडेअडुसष्ट. सिनेमाचं चित्र ५१ सेंमी उंच. म्हणजे वर पावणेनऊ आणि खाली पावणेनऊ सेंमी काळं. बोरस्तेचा हिशोब बरोबर आहे.

आहेर वहिनी: घरात पडद्याचा रॉड गेल्या दिवाळीपासून मोजून हवाय 😄

सेक्रेटरी (ए-४०१): सदर विषय पुढील मासिक सभेत घेण्यात येईल.

गायधनी: रिमोटचं बटण दाबायला सभा? आणि टँकरचं काय?

जोशी सर (ए-१०२): जरा सविस्तर लिहितो. आपण फाळक्यांच्या मुलखात राहतो, त्र्यंबकेश्वर त्यांचं जन्मगाव. १९१३ सालच्या त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची चौकट ४:३ च्या जवळची, बरीचशी चौकोनी. पुढे घरोघरी आलेले टीव्हीही त्याच आकाराचे. अमेरिकेत लोक घरीच टीव्हीसमोर बसायला लागले, थिएटरं ओस पडायला लागली, म्हणून १९५३ मध्ये सिनेमास्कोप आणला. खास भिंगाने रुंद दृश्य फिल्मवर आडवं दाबून घ्यायचं आणि प्रोजेक्टरच्या भिंगाने पुन्हा पसरायचं. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तांनी 'कागज के फूल' तसा केला. घरच्या टीव्हीवर मिळत नाही ते दाखवायचं, म्हणूनच सिनेमास्कोपचा आकार एवढा रुंद! दिग्दर्शकाने एक माणूस डाव्या टोकाला आणि दुसरा उजव्या टोकाला उभा केला असेल, तर मधली रिकामी जागासुद्धा त्याला दाखवायचीच आहे. ती कापायचा हक्क आपल्याला नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो.

पगार: सर, तुमचा आदर आहे. पण पूर्ण वर्गणी भरली आहे.

निकम काका: पूर्ण वर्गणी भरणाऱ्यांनी स्कूटरही पूर्ण स्वतःच्याच जागेत लावावी. आज सकाळी पुन्हा माझ्या गाडीपुढे होती.

पगार: तो विषय इथे नको. तुमच्या गाडीचं मागचं चाक दोन वर्षं माझ्या रेषेवर आहे, मी कधी ग्रुपवर टाकलं का?

गायधनी: पार्किंगलाही झूम मारून बघा, जागा वाढली तर सगळ्यांचंच भलं 😂

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टिप्पणी टाळावी. टँकर चार वाजता.

आहेर वहिनी: मला एक विचारायचं होतं. मागे जुना कृष्णधवल सिनेमा लावला तेव्हा सगळेच जाडजूड दिसत होते. तेही हेच का?

बोरस्ते: हो वहिनी, पण चूक उलटी. तो ४:३ चा होता, कोणीतरी वाईड करून आडवा ताणला. चेहरे आहेत त्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त रुंद होतात, चंद्रसुद्धा लंबगोल दिसतो. जुन्या सिनेमाला डावी-उजवीकडे काळं राहू द्यायचं. लॅपटॉप जोडला की टीव्ही १६:९ किंवा ओरिजिनलवर ठेवायचा, झूम आणि वाईड बंद. तरीही कडा थोड्या कापल्या जात असतील, तर कुठे 'जस्ट स्कॅन', कुठे 'फिट टू स्क्रीन' नावाचा पर्याय असतो, तो चालू करायचा. कालची सबटायटल्स खालच्या पट्टीत होती, झूममुळे पट्टीबरोबर तीही गेली.

पगार: मग कंपन्या झूम देतात कशाला? काहीतरी उपयोग असेलच ना.

बोरस्ते: आहे. कधी कधी केबलवर चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत येतं, मधे लहानसं. रुंद सिनेमा आधीच ४:३ मध्ये बसवून पाठवलेला असतो. तिथे झूमच बरोबर, कारण नुसतं काळंच बाहेर जातं.

पगार: तेच तर म्हणतोय. झूम चुकीचा नसतो.

निकम काका: काल चुकीचा होता.

जोशी सर: पगार, काल हॉलमधल्या चारही ट्यूबलाइट चालू होत्या, म्हणून पट्ट्या डोळ्यांत भरल्या. थिएटरात अंधार करतात, तसा करून बघा. दहा मिनिटांत पट्ट्यांकडे लक्षही जाणार नाही. दाराजवळचा एक लहान दिवा तेवढा ज्येष्ठांसाठी राहू द्या.

पगार: ठीक आहे सर, शनिवारी दिवे बंद करून बघतो. तरीही खटकलं तर बोलणार. पूर्ण वर्गणी भरली आहे.

सेक्रेटरी: शनिवारी रिमोट बोरस्ते यांच्याकडे राहील. खुर्च्या लावायला दोन जण हवेत.

गायधनी: मी येतो. टँकर वेळेवर आला तर.

निकम काका: पगार, हॉलची चावी तुमच्याकडेच आहे. शनिवारी साडेसहाला उघडा, लॅपटॉप आधीच जोडून सबटायटल तपासू. आणि स्कूटर अजून तिथेच आहे.

पगार: उघडतो. मुलाला खाली पाठवलंय.