सुट्टी घेतल्याने मन खरंच हलकं होतं का?

बँक कर्मचारी, जळगाव (धागाकर्ती)
मार्च एंडिंग संपतं तोवर आमच्या शाखेत साधं 'पासबुक द्या' म्हटलं तरी लोक खेकसतात. तरीही रजेचा अर्ज टाकताना चोरी केल्यासारखं वाटतं. माझं स्पष्ट मत आहे, वर्षातून चार-पाच दिवस गाव सोडून गेलंच पाहिजे. मे महिन्यात इथे पारा ४४ च्या वर जातो. थंड हवेच्या तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी बसलं की डोक्यातली कलकल थांबते.

केळी बागायतदार, रावेर
ताई, तुमची रजा पगारी. आमची वीज कधी रात्री येते, मग मोटर चालू करायला कोण उठणार? घड कापणीला आले की व्यापाऱ्याचा फोन कधीही येतो. तोरणमाळला गेलो तरी जीव बागेतच अडकलेला. असल्या सुट्टीने उलट घोर वाढतो.

निवृत्त शिक्षक, धुळे
दादांशी सहमत. नेदरलँड्समधल्या १,५३० लोकांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहलीहून परतलेले बहुतेक जण घरी राहिलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली त्यांनाच फरक जाणवला, आणि तोही काही आठवड्यांत ओसरला. मग एवढा खर्च कशासाठी?

गृहिणी, अमळनेर
सर, त्याच अभ्यासात सहलीला जाणारे लोक जाण्याआधीच जास्त खुश होते, हे तुम्ही गाळलंत. आखाजीआधी, म्हणजे अक्षय्य तृतीयेआधी, माहेरी न्यायला मुराळी कधी येतो म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेल्या सासुरवाशिणीला विचारा! माहेरी झोका, गौराईची गाणी, खापरावरची पुरणपोळी आणि रस, अन् ताट आयतं समोर. 'जीवले बरं वाटस', एवढंच म्हणते मी. कुटुंबासोबत सहलीला गेले तर पहाटे उठून दशम्या मीच करते, बॅगा मीच भरते, पोरांचं मीच बघते. ती सुट्टी बाकीच्यांची झाली, माझी नाही.

धागाकर्ती
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, पण पटलं. सर, परिणाम ओसरतो हे मान्य. म्हणूनच सगळी रजा एकदम संपवू नये, वर्षभरात थोडी थोडी घ्यावी आणि त्या दिवसांत ऑफिसचा फोन उचलू नये. दादा, तुमच्याकडे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या सालदाराचं सालसुद्धा आखाजीलाच संपतं ना? जुन्या लोकांनी थांबायची वेळ ठरवून ठेवली होती की.

केळी बागायतदार, रावेर
साल संपतं, केळीचं पाणी संपत नाही. तरी एक सांगतो. आखाजीला बहिणी येतात तेव्हा बाग चुलतभाऊ बघतो, पोळ्याला मी त्याची बघतो. त्या दिवसांत झोप चांगली लागते, हे खरं. पण अशी अदलाबदल करण्याइतका सलोखा किती भाऊबंदांत उरलाय? ज्याचा बांधावरून वाद चालू आहे, त्याने मोटर कोणाच्या भरवशावर सोडायची?