सडा म्हणजे नुसता कातळ?

'समुद्र आणि आंबा वगळला तर राजापुरात आहे काय, नुसता कातळ', असं कुणीतरी लिहिलंय. उन्हाळ्यापुरतं मान्य. एप्रिलात सड्यावर, म्हणजे आमच्या उघड्या कातळी पठारावर, अनवाणी पाय ठेवून दाखवा! पण श्रावणात त्याच कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं नि बोटभर मातीत सीतेची आसवं नावाची रानफुलं उगवतात, जांभळी, नखाएवढी. दिसायला नाजूक, पण पाण्यातले बारीक जीव पकडून खाणारी! मध्ये मध्ये गेंदाची पांढरी फुलं.

आणि राजापुरातल्याच कशेळी गावच्या सड्यावरचा हत्ती? जवळपास १८ मीटरचं कातळशिल्प, अंगावर इतर प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. मी आता ठाणेकर. लोकल, डॉक्टर, सगळं हाताशी, तक्रार नाही. पण गणपतीला गावी गेलो की एक दुपार सड्यावर, समुद्र नंतर.