पीएफमध्ये वडिलांचं नाव 'बाळू', आधारवर 'बाळकृष्ण', कंपनी बंद. आईचा क्लेम अडकलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पीएफच्या कामातल्या जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

माझे वडील १९९२ ते २०१३ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद पडला, पण त्यांनी पीएफ काढला नाही. पेन्शन बसेल या आशेवर होते. ५८ पूर्ण व्हायच्या आधीच, ५७व्या वर्षी ते गेले.

आईच्या नावाने पीएफच्या रकमेसाठी फॉर्म २० आणि विधवा पेन्शनसाठी १०डी भरला. दोन्ही परत आले. भरतीच्या दिवशी टाइमकीपरने नाव विचारलं तेव्हा सोबतच्या मित्राने घरचं नाव सांगितलं, तेच 'बाळू' रजिस्टरला चढलं. आधार, बँक, मृत्यूचा दाखला, सगळीकडे 'बाळकृष्ण'. जन्मतारीख दोन्हीकडे १ जून आहे, पण ती मास्तरांनी शाळेत नाव घालताना लावलेली. आमच्या गावात त्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच, त्यामुळे तिच्या जोरावर ओळख कशी पटवायची?

यूएएन (पीएफ सदस्याचा कायमचा नंबर) २०१४ मध्ये आला, त्याआधीच नोकरी सुटलेली, म्हणून वडिलांना तो नंबरच नाही आणि ऑनलाइन काही होत नाही. पीएफ ऑफिसच्या काउंटरवर सांगतात, संयुक्त घोषणापत्रावर (नावदुरुस्तीच्या अर्जावर) मालकाची सही-शिक्का आणा. मालकांनी शेड कधीच विकली, ते आमचा फोन घेत नाहीत. दर खेपेला आई दोन तास एसटीने जाते, फाइल छातीशी धरून बसते आणि नवा कागद सांगितला की तशीच परत येते. मला ते बघवत नाही.

घरात १९९८ची पीएफ स्लिप, हजेरी कार्ड आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) जुनं कार्ड सापडलं आहे. ईएसआय कार्डावर नाव 'बाळू' आहे आणि कुटुंबाच्या फोटोत वडिलांशेजारी आई बसली आहे. मला हाच सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

बंद कंपनीच्या बाबतीत क्लेम फॉर्मवर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरची सही चालते असं कळलं. नावदुरुस्तीलाही चालते का? 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र आईने करायचं की कोणा जुन्या सहकाऱ्याने? २७ तारखेला पीएफ ऑफिसचं 'निधी आपके निकट' हे तक्रारींचं शिबिर असतं, तिथे असं प्रकरण घेतात का? एक एजंट रकमेतला हिस्सा मागतोय. वडिलांच्या घामाचे पैसे त्याला द्यायचे नाहीत.

बंद कंपनीच्या प्रकरणात कुणाचं ईएसआय कार्ड ओळखीचा पुरावा म्हणून मान्य झालं असेल, तर सोबत कोणते कागद जोडले होते ते कृपया लिहा.